भिश्ती गेला, हलालखोर कुठे गेला?

उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू दिसली की तिचं नाव कुठून आलं, ते आठवत बसायचं. बाथरूमच्या बाबतीत ही खोड बरीच कामाची ठरते. आज आपण जिला सरसकट बाथरूम म्हणतो, तिच्यासाठी आपल्याकडे किती शब्द होते पाहा. मराठीत मोरी, न्हाणी, न्हाणीघर, संडास, शौचकूप. उर्दूत गुसलखाना, हमाम, पायखाना आणि बैतुलखला, म्हणजे एकांताचं घर. खेड्यात तर खोलीच नव्हती, म्हणून 'परसाकडे जाणं' किंवा 'टमरेल घेऊन जाणं' असं म्हणायचे.

एवढे शब्द होते, कारण एवढ्या वेगवेगळ्या जागा होत्या. वाडा असो, कोकणातलं कौलारू घर असो की शहरातली चाळ, अंग धुण्याची जागा आणि शौचाची जागा एकमेकींपासून लांब असायच्या. मोरी घराच्या कोपऱ्यात. तिथेच भांडी घासायची, तिथेच वजू करायचा आणि पडदा ओढून आंघोळही तिथेच. न्हाणीघर असलंच तर मागच्या अंगाला, तांब्याच्या बंबाशेजारी. संडास मात्र घराच्या अगदी टोकाला, नाहीतर चाळीच्या मजल्याच्या शेवटी, सगळ्यांचा मिळून. पाक आणि नापाक यांच्यात चालत जाण्याइतकं अंतर होतं.

आजच्या बाथरूमने हे अंतर चार-पाच फुटांवर आणलं. कमोड, बेसिन, शॉवर, सगळं एका दाराआड. हे शक्य झालं ते दोन नळ्यांमुळे. एक नळी पाणी आणते, दुसरी घाण नेते. टाइल्स, आरसा, चकचकीत तोट्या हा नंतरचा साज. खोली उभी आहे ती या दोन नळ्यांवर. आणि या नळ्या येण्याआधी त्यांच्या जागी दोन माणसं होती. एक भिश्ती, दुसरा हलालखोर.

आधी भिश्तीची गोष्ट.

घरापर्यंत नळीने पाणी आणण्याची कल्पना जुनीच आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. तिथे त्याने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. मुंबईची जामा मशीद तर एका जुन्या तलावावरच उभी आहे. आजही तिथे खाली हौज आणि वर नमाजाची जागा आहे. पण अशा सोयी मोजक्या ठिकाणी होत्या. बाकी शहरांत पाणी यायचं ते माणसाच्या पाठीवरून. बकऱ्याच्या कातड्याची मशक खांद्यावर घेऊन भिश्ती दारोदार जायचा. बैलाच्या नाहीतर रेड्याच्या पाठीवर घातलेली मोठी पखाल घेऊन पखालवाला यायचा. 'आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला' ही म्हण आपण अजून वापरतो, पण पखाल कशी असते हे आज वर्गातल्या एकाही मुलाला सांगता येत नाही.

भिश्ती हा शब्द फारसी 'बिहिश्त'पासून आला. बिहिश्त म्हणजे जन्नत. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो जन्नतचा माणूस. या कामाचं नातं थेट करबलाशी, फुरात नदीवर पाणी आणायला गेलेल्या हजरत अब्बास यांच्याशी जोडलं जातं. इतकं मोठं नाव, आणि काम दिवसभर ओझं वाहण्याचं.

१८६० साली मुंबईत विहार तलावाचं पाणी नळाने आलं. पुढे एकेका शहरात नळ येत गेले आणि मशक खांद्यावरून उतरली. भिश्तीची रोजी गेली, हे दुःख खरंच. पण ते काम संपलं, हेही खरं. आज घरात पाणी आणण्यासाठी कातडी पाठीवर घेतलेला माणूस लागत नाही. त्याच्या जागी पंप, टाकी आणि पाइप आले.

माणसाच्या जागी यंत्र आणण्याची ही इच्छाही आजची नाही. अल-जझरी हा कारागीर दियारबाकिरच्या दरबारात होता. १२०६ साली त्याने यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यात हात धुण्यासाठीची आणि वजूसाठीची यंत्रं आहेत. नोकराने किंवा दासीने आपल्या हातावर पाणी ओतावं हे सुलतानाला आवडत नसे, म्हणून त्याने असं यंत्र करायला सांगितलं, हे अल-जझरीने स्वतः नोंदवलं आहे. एका यंत्रात मोराच्या चोचीतून पाणी येतं आणि छोट्या बाहुल्या साबणाची भुकटी आणि टॉवेल पुढे करतात. आठशे वर्षांपूर्वी जे एका सुलतानाला हवं होतं, ते आज विमानतळावरच्या बेसिनखाली हात धरणाऱ्या कुणालाही मिळतं.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. ती इतकी सरळ नाही.

फ्लशची कथा इंग्लंडमध्ये घडली. राणी एलिझाबेथचा मानसपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ साली पाण्याने धुतला जाणारा संडास कसा बांधावा याचं वर्णन छापलं. लोकांनी चेष्टा केली आणि विसरून गेले. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट घेतलं, त्यात संडासाखालची नळी इंग्रजी एस अक्षरासारखी वाकवलेली होती. १७७८ साली जोसेफ ब्रामाने त्यात सुधारणा केली. कुलपं बनवणारा म्हणून हा ब्रामा जास्त प्रसिद्ध आहे. १८८० च्या दशकात टॉमस ट्वायफर्डने अख्खं भांडं चिनीमातीच्या एकाच तुकड्यात घडवलं, आणि आज आपण ओळखतो तो कमोड तयार झाला.

या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटते ती वाकवलेली नळी. तिच्या वळणात थोडं पाणी अडून राहतं. ही पाण्याची पट्टी जेमतेम पाच सेंटिमीटर खोल असते, पण गटारातली दुर्गंधी आणि वायू तिला ओलांडून घरात येऊ शकत नाहीत. संडास घराच्या टोकाकडून बेडरूमच्या शेजारी आला तो या पाच सेंटिमीटरच्या भरवशावर. बाथरूमच्या जमिनीवरच्या जाळीखालीही हीच युक्ती असते. आपल्याकडचे प्लंबर आणि इंजिनिअर तिला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी घरातून गेली, पण प्लंबिंगच्या शब्दकोशात जाऊन बसली. सुट्टीत महिनाभर गावी राहून परत आलात आणि बाथरूमला वास येत असला, तर फिनेल शोधण्याआधी त्या जाळीत तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, एवढंच.

पण लंडनवाल्यांनी एक क्रम उलटा केला. फ्लश आधी आला, नीट गटारं नंतर. घराघरांतलं फ्लशचं पाणी आधी शोषखड्ड्यांत आणि मग गटारांतून थेम्स नदीत जाऊ लागलं. पिण्याचं पाणीही त्याच नदीतून यायचं. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती पटकीने माणसं पटापट मेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी फिरून दाखवून दिलं की रोग त्या पंपाच्या पाण्यातून पसरतो. पंपाच्या विहिरीत शेजारच्या शोषखड्ड्यातली घाण झिरपत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास असा सुटला की काठावरच्या संसदेत बसणं कठीण झालं. तेव्हा कुठे पैसा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनिअरने शहराखालून मोठी गटारं बांधली. बाथरूम कितीही चकाचक असलं, तरी त्याची किंमत त्याच्या शेवटच्या टोकावर ठरते, हे लंडनला असं कळलं.

आपल्या शहरांत गटारं येण्याआधी काय होतं? टोपलीचे संडास. खाली टोपली किंवा डबा, आणि तो रोज उचलून नेणारा माणूस. जुन्या मुंबईत दोन इमारतींच्या मध्ये अरुंद घरगल्ली ठेवलेली दिसते. तिचा एक मोठा उपयोग हाच होता. मैला उचलणाऱ्याने पुढच्या दाराने यायचं नाही, दिसायचं नाही. मागून यायचं आणि मागूनच जायचं. या कामासाठी नगरपालिका घरमालकांकडून कर घ्यायची. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात त्या कराचं नावच 'हलालखोर टॅक्स' असं होतं.

हलालखोर. हलाल खाणारा, म्हणजे कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. हे नाव अकबराने रूढ केलं, असा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. याच कामाला जोडलेला दुसरा शब्द मेहतर. फारसीत त्याचा अर्थ मोठा, वडीलधारा, सरदार. आणि पाणी वाहणारा तर जन्नतचा माणूस. भाषेने या माणसांना केवढा मान दिला! शिकवणारा म्हणून मला भाषेचा अभिमान वाटायला हवा. पण या शब्दांचं पुढे काय झालं, हेही आपल्याला माहीत आहे. मेहतर हा शब्द आज कुणी कुणाला आदराने म्हणत नाही. नाव बदललं की माणसाची जागा बदलत नाही. ज्याच्या हातात टोपली आहे त्याला सरदार म्हणा नाहीतर हलालखोर, लोक त्याच्यापासून चार हात लांबच उभे राहतात.

दरम्यान आपलं बाथरूम मात्र झपाट्याने बदललं. १९६० साली ट्वायफर्डच्याच नावाने 'हिंदुस्थान ट्वायफर्ड्स' ही कंपनी भारतात निघाली. चिनीमातीची भांडी इथेच बनू लागली. आधी उकिडवं बसण्याचं भारतीय भांडं, मग कमोड. गुडघे दुखू लागले तशी आपल्या घरांत नमाजासाठी खुर्ची आली, आणि तिच्या मागोमाग कमोडही आला. फ्लॅट बांधणाऱ्यांनी बेडरूमला चिकटून बाथरूम दिलं आणि 'अटॅच्ड' हा शब्द जाहिरातीत मिरवू लागला.

परदेशी वस्तू घरात घेताना आपण तिला आपल्या वळणावर आणलं, हे मला आवडतं. कमोड आला, पण कागद आला नाही. तोटीचा बधना गेला, प्लॅस्टिकचा मग आला, आणि आता भिंतीवर जेट स्प्रे टांगलेला असतो. अरबांकडे त्यालाच शत्ताफ म्हणतात. पाण्याने तहारत करणं ही काही फक्त आपली रीत नाही. हिंदू शेजाऱ्याच्या घरी तांब्या होताच. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने घरात बिदे, म्हणजे धुण्याचं वेगळं भांडं, बसवणं सक्तीचं झालं. जपानमध्ये १९८० साली पाण्याचा फवारा देणारी कमोडची सीट बाजारात आली. कागदवाल्यांचं जगही हळूहळू पाण्याकडे येत आहे.

दिशेचंही तसंच. शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ नको, म्हणून महाराष्ट्रातला मुसलमान घर बांधताना मिस्त्रीला सांगतो, भांडं उत्तर-दक्षिण बसव. शेजारचा वास्तुशास्त्र पाहून तेच सांगतो. मिस्त्रीला दोघांच्या धर्माशी कर्तव्य नाही, त्याचं काम सोपं होतं. वजूचा प्रश्न मात्र जरा अवघड. जिथे कमोड आहे तिथे बिस्मिल्लाह आणि दुआ मोठ्याने म्हणायला मन घेत नाही. म्हणून अनेक घरांत बेसिन बाहेर, पॅसेजमध्ये घेतात. पण बेसिनची उंची हात-तोंड धुणाऱ्यासाठी ठरवलेली असते, पाय धुणाऱ्यासाठी नाही. एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय बेसिनमध्ये घालणारे वडीलधारे पाहिले की काळजात धस्स होतं. घर बांधत असाल तर गुडघ्याइतक्या उंचीवर एक नळ आणि बसायला छोटा कट्टा, एवढं करून घ्या. खर्च फार नाही.

पाण्याचा हिशोबही करायला हवा. पैगंबर साहेब एका मुद पाण्यात वजू आणि एका साअ पाण्यात गुसल करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. पाऊण लिटरच्या आतलीच गोष्ट. साअ म्हणजे चार मुद, फार तर तीन लिटर. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीत दहा-बारा लिटर पाणी असायचं. म्हणजे साखळी एकदा ओढली की चार गुसलांचं पाणी गेलं. आता दोन बटणांच्या टाक्या मिळतात. छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. मराठवाड्यात जिथे उन्हाळ्यात आठवड्याने नळ येतो, तिथे ही साधी निवड धार्मिक निवडही आहे. वाहत्या नदीकाठीही वजूला जादा पाणी वापरू नये, अशी आपली शिकवण आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. भिश्तीचं काम नळाने संपवलं. हलालखोराचं काम दुसऱ्या नळीने संपवलं का?

टोपलीचे संडास बांधायला आणि हाताने मैला उचलायला लावायला १९९३ च्या कायद्याने बंदी आली. २०१३ चा कायदा त्याहून कडक आहे. त्यात संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यावरही बंदी आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यातच सगळं आलं. माणसं अजून उतरतात आणि मरतात. टाकीत ऑक्सिजन नसतो, हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठलेले असतात. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही.

म्हणजे हलालखोर गेला नाही. घरगल्लीतून उठून तो जमिनीखाली गेला. आधी तो मागच्या दाराने यायचा, निदान रोज यायचा. आता आपल्याला तो दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण समजतो की नळीनेच सगळं केलं.

इथे आपल्या लोकांना दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्यात जातपात नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. दीनमध्ये नाहीच. पण समाजात हलालखोर, मेहतर या मुस्लिम जमाती आहेत, आणि त्यांच्याकडे मुलगी देताना-घेताना किती जणांचे हात पुढे येतात, ते आपल्याला ठाऊक आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात अशरफ, अजलाफ आणि अरझल ही उतरंड स्पष्ट नोंदवली आहे. अरझलमध्ये येतात ती हीच माणसं. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. तेच काम करणाऱ्या मुस्लिम आणि ख्रिस्ती माणसाला आजही मिळत नाही. हे सरकारकडे मागायचं आहेच. पण मशिदीत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणाऱ्याने बाहेर पडल्यावर त्याला ओळख द्यायला कुठला आदेश लागतो?

पाकीला आपण अर्धा ईमान मानतो. गुसलचे फर्ज, वजूच्या सुन्नती लहानपणीच पाठ करून घेतो. तहारतचे नियम शिकवताना पाणी किती असावं, कसं असावं, कुठल्या हाताने घ्यावं, सगळं सांगतो. आपल्या अंगावरून उतरलेली घाण कुणाच्या अंगावर जाते, हा धडा मात्र त्यात नाही. तो घालायला हवा.

वाट दाखवणारे झाले आहेत. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी, भंग्याची गरजच लागू नये अशा स्वस्त संडासांचा प्रसार केला आणि स्वतः हातात झाडू घेतला. बिंदेश्वर पाठकांच्या 'सुलभ'ने १९७० पासून दोन खड्ड्यांचा संडास लोकांपर्यंत नेला. एक खड्डा भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा. काही काळाने पहिल्यातल्या मैल्याचं कोरडं खत होतं. ओला मैला उचलायला माणूस लागतच नाही. गावाकडे जागा असेल तर सेप्टिक टँकपेक्षा हे बरं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सभेत एवढं विचारावं: आपली टाकी शेवटची कधी उपसली, कुणी उपसली आणि कशाने? टाकी उपसायला खेचणारं यंत्र असलेला टँकरच बोलवायचा, माणूस आत उतरणार नाही, हे ठराव करून लिहून ठेवावं. तुंबलेल्या नळीतून बाहेर निघतं काय, तर डायपर, पॅड आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्या कमोडमध्ये टाकणारा हात आपल्याच घरातला असतो. आणि चार पैसे वाचतात म्हणून कुणी कंत्राटदार माणूस उतरवू लागला, तर त्याला झाकणापाशीच अडवावं. शेजारी नाराज होतील, खर्च वाढला म्हणून कुरकुरतील. होऊ द्या. खाली उतरणाऱ्याच्या घरीही संध्याकाळी कुणीतरी वाट पाहत असतं.